शिरवण्यातलं पेव

सासऱ्यानं हट्ट करावा, त्याला शालनची ना नव्हती. सासरे असतातच हट्टाला. पण हट्टालाही काही शीव असावी की नाही? माण तालुक्यातला हट्ट माणातच शोभतो. तो ट्रकात घालून नव्या मुंबईत आणायचा आणि शिरवण्यातल्या चाळीमागं खड्डा खणून पुरायचा, हे कुठल्या शास्त्रात बसतं, ते तिला काही केल्या कळत नव्हतं.

वैशाखात सासरे ज्ञानूआबा आले ते कांद्याच्या ट्रकातून. शालनचा नवरा धनाजी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी, त्यामुळं गावाकडचा ट्रक त्याला घरच्या टांग्यासारखा. आबांबरोबर एक पत्र्याची ट्रंक, कापडात गुंडाळलेला विठोबा आणि जुंधळ्याची पाच पोती. कोरडवाहू रानातला, थंडीच्या दहिवरावर पोसलेला शालू जुंधळा. ट्रकातून उतरल्या उतरल्या आबांनी पाणी मागितलं नाही, चहा मागितला नाही. पोत्यांवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "धनाजी, एक पावसाळा ऱ्हातो. माझं जुंधळं हितं टिकलं, तर मी टिकलो. त्याला बुरा आला, की मी गावाकडं. मग मला कुनी आडवायचं न्हाई."

"बरं बरं," धनाजी म्हणाला.

झालं! पुरुषांचं हे असं. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. निस्तरायचं कुणी? शालननं.

आणि निस्तरणं भाग होतं. तिला सासऱ्याचं प्रेम उतू चाललं होतं अशातला भाग नाही. पण गेल्या मार्गशीर्षात आबा गावच्या घरात एकटे तापानं फणफणून पडले होते. दार आतून लावलेलं. शेजारच्या जयमालानं कडी वाजवून वाजवून शेवटी दोन माणसांकडून दार उचकटलं, तेव्हा कळलं. निरोप आल्यावर शालनच धावली. तिनं कपाळावर ओला फडका ठेवला, तसे आबांनी डोळे उघडले आणि विचारलं, "रंगू, पानी आनलंस का?"

रंगूबाई, म्हणजे शालनची सासू, तेव्हा जाऊन चार वर्षं झाली होती. जन्मभर तिनं दीड कोसावरून पाणी आणलं. आबांच्या रानात विहीर होती, नाही असं नाही. आबा आणि रंगूबाई, दोघांनी मिळून खणलेली. आबा खाली सुरुंगाचे दगड फोडायचे आणि रंगूबाई वरून टोपली ओढायची. सात परस खोल गेले. हात वर करून उभा माणूस म्हणजे एक परस, अशी सात माणसं एकावर एक. तळाशी काय लागलं? तर आणखी दगड. धनाजी गाव सोडून निघाला, तेव्हा त्याला अडवायचं सोडून आबा एवढंच म्हणाले होते, "जा लेका. इहिरीला पानी लागलं असतं, तर कोन गाव सोडतं?"

तर असा माणूस परत त्या बंद दाराआड एकटा जाऊ द्यायचा नाही, हे शालननं त्या ओल्या फडक्याची शपथ घेऊन ठरवलं होतं. म्हणजे आता जुंधळा टिकायला हवा होता.

"मामंजी, पत्र्याचं पीप आणू," ती म्हणाली. "कडुलिंबाचा पाला घालू, झाकण घट्ट लावू. माळ्यावर ठेवू."

"पत्र्याला घाम येतो," आबा म्हणाले. "पेव पायजे."

पेव! जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड लहान, पोट मोठं, वर दगड आणि मातीचं लिंपण. आबांच्या आज्यानं खणलेल्या पेवातला जुंधळा म्हणे दुष्काळात तीन वर्षांनी काढला, तरी दाणा दाताखाली कट् वाजला होता. ही गोष्ट शालननं लग्न झाल्यापासून इतक्यांदा ऐकली होती, की त्या आज्याबद्दल तिच्या मनात आता फारसा आदर उरला नव्हता.

घरमालकीण गोजरामावशी. मूळची शिरवण्याची, आगरी. शेती सगळी शहराच्या पोटात गेली, त्या पैशांतून चाळ उठवली आणि आता भाडं घेत पडवीत बसायची. तिनं आबांना मागच्या अंगणात फावडं घेऊन जाताना पाहिलं आणि मिसरीचं बोट तोंडातून काढलं.

"आवो बाबा, इथं कनाला खनता? इथं पानी लागंल."

आबा हसले. खरंच हसले. "पानी लागंल? बाई, मी उभा जन्म खनतोय. पानी असं लागत नसतं."

"मंग नाय लागत. खना." मावशीनं बोट परत तोंडात घातलं. "नायतरी केलीचं झाड लावायचं हायेच तिथं."

आठवडाभर आबा खणत होते. कमरेइतकं खोल गेल्यावर माती गार लागायला लागली, हातात चिकटायला लागली. शालननं ती मूठभर उचलून त्यांच्या नाकासमोर धरली. "मामंजी, ही ओल बघा."

"ओल न्हवं, गारवा हाय. गारव्यात दाना झोपतो."

काय बोलणार, कपाळ! वैशाखातला कोरडा उन्हाळा, म्हणून खड्डा तेवढ्यापुरता गप्प बसला. धनाजीनं फळबाजारातून आंब्याच्या पेट्यांतला पेंढा आणला. आबांनी तो आत जाळून भिंती शेकल्या, शेणमातीनं सारवल्या, तळाला पेंढ्याचं जाड अंथरूण घातलं. चार पोती आत ओतली, वर फरशी ठेवली, फरशीवर लिंपण घातलं. पाचवं पोतं खायला वर. "ह्ये पोतं संपस्तवर पेव उघडायचं न्हाई," आबांनी बजावलं. "वारा लागला की दाना जागा हुतो."

त्याच दुपारी आबा विठोबासमोर हरिपाठ म्हणत बसलेले बघून शालन गोजरामावशीकडं गेली. एक तरी पोतं शाबूत राहायला हवं. बाकीच्या चार पोत्यांचं काय होणार, हे तिला मावशीच्या तोंडावर वाचता येत होतं.

"माज्या माल्यावर ठेव," मावशी म्हणाली. "खाली चूल हाय. धूर लागतो, वरची वस्तू पावसात पन कडकडीत ऱ्हाते."

पाचव्या पोत्यातला जुंधळा असा मावशीच्या माळ्यावर गेला आणि रिकाम्या पोत्यात शालननं बाजारचा जुंधळा आणून भरला. त्याच्याच भाकऱ्या करायला लागली. पहिल्याच दिवशी आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, डोळे मिटून चावला आणि धनाजीला म्हणाले, "बघ. आपल्या रानाची चव. तुझ्या मुंबईत कोन देईल आसली भाकरी?"

शालननं तव्यावरची भाकरी जरा जास्तच जोरात उलटली.

पुढं तर आणखी मजा. पोतं संपलं की पेव उघडायचं ना? मग पोतं संपू द्यायचंच नाही. दर आठवड्याला ती गुपचूप त्यात भर घालायची. आबा येता-जाता पोत्याला हात लावून बघायचे. "लई बरकतीचं पोतं हाय," म्हणायचे आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावायचे. आता ह्या माणसावर रागवावं, हसावं, की ऊर बडवून घ्यावा?

मिरग उलटला आणि पाऊस लागला. लागला म्हणजे लागला. पारसिकचा डोंगर ढगात गेला तो दिसेचना. भिंतींना ओल आली, मीठ पाझरलं, काडेपेटीतली काडी पेटेना, वाळत घातलेल्या धोतराला तिसऱ्या दिवशी वास मारायला लागला. शालनला हे सवयीचं होतं. आबा मात्र दाराच्या चौकटीत उभे राहायचे आणि हात बाहेर काढून वाऱ्याचा अंदाज घ्यायचे.

"मावळतीचं वारं," एक दिवस ते म्हणाले. "आमच्याकडं हेच येतं. आखाडात घरावरची कौलं उडतील असं सुटतं. ढगं बी ह्येच. काळी ढगं डोक्यावरनं नुसती पळत्यात. थेंब न्हाई. आन् हितं बघ. नुसतं वततंय. का रं, धनाजी?"

धनाजी पाळी संपवून आला होता, डोक्यावरची पोत्याची खोळ झटकत होता. "आबा, ढग म्हंजी भरलेला ट्रक समजा. समुद्रावरनं माल भरून येतो. म्होरं सह्याद्रीचा घाट. लोड घिऊन वर चढंना की माल उतरावा लागतो. त्यो हितंच उतरतो, आन् घाटावर. पलीकडं उतरंस्तवर गाडी रिकामी."

"म्हंजी आमच्या दारावरनं आयुष्यभर रिकाम्या गाड्या गेल्या?"

"तसंच की."

"आन् आमचा माल उतरून घेतला कुनी? तू माथाडी ना? इचार की कुनाला तरी!"

धनाजी हसला, पण आबा हसत नव्हते. कोपऱ्यात त्यांची पोरगी वैष्णवी दहावीचं भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती. पोरीला नको तिथं तोंड घालायची खोड. "आजोबा, आपलं गाव पर्जन्यछायेत येतं. डोंगराच्या ह्या बाजूला वारा वर चढतो, गार होतो, पाऊस पडतो. त्या बाजूला तो खाली उतरतो, तापतो, कोरडा होतो. त्याला पावसाची सावली म्हणतात."

"काय म्हनत्यात?"

"सावली."

आबांच्या मानेच्या शिरा फुगल्या. "सावली? कुनी लिवलं हे? माझ्या रानात हुबा ऱ्हा म्हनावं त्याला, जेठात, दुपारचा! झाडाला पान न्हाई, जनावराला वैरन न्हाई, बायका मढ्यासारख्या पान्यामागं फिरत्यात, आन् हे म्हनतंय सावली! आरं, सावलीत मानूस निजतो. मरत न्हाई!"

पुस्तक मिटवून वैष्णवी आत पळाली. आबा परत दारात गेले. समोर गटार तुंबून रस्त्यावरून वाहत होतं, थेट खाडीकडं. किती तरी वेळ ते त्या पाण्याकडं बघत राहिले. "समदं खाडीत," म्हणाले. "समदं."

शालनला त्या क्षणी त्यांची दया आली. पण दया यायला आणि नाकात वास शिरायला एकच गाठ पडली. मागच्या दारातून आंबूस वास येत होता. ताडीच्या अड्ड्यावरून यावा तसा. तिनं धनाजीकडं पाहिलं, धनाजीनं छताकडं पाहिलं.

"पेव उघडून बघायचं का, मामंजी?"

"पोतं संपलं का?"

पोतं कसलं संपतंय! तिची तीच अडकली होती. तिनं भरलेलं पोतं तिच्याच गळ्यात पडलं होतं. आता ते संपवलं तर पेव उघडणार, पेव उघडलं तर आबा जाणार, आणि नाही उघडलं तर वासानं चाळ जाणार. हे टेन्शन घेऊन तिनं अख्खा आषाढ काढला.

श्रावणात एका सकाळी गोजरामावशीची आरोळी आली. "शालन! गो शालन! तुजं कोठार बसलं!"

सगळे मागं धावले. फरशी एका अंगाला कलली होती, लिंपण विरघळून गेलं होतं आणि फटीतून पिवळसर फेस वर येत होता. धनाजीनं फरशी सरकवली. आत गच्च लगदा. मोड आलेला, पांढरा, लांब मुळ्यांनी एकमेकांत गुंतलेला. वास असा की मावशीचा नवरा शिवा, जो कधी पडवीतून उठत नाही, तो उठून घरात गेला.

दिवसभर धनाजी उपसत होता. लगदा काढून झाला, मग गढूळ पाणी काढलं, तळाचा कुजका पेंढा काढला. आबा अंगणाच्या कडेला उकिडवे बसून बघत राहिले. संध्याकाळी खड्डा मोकळा झाला, तसे उठले आणि घरात जाऊन ट्रंकेत धोतर घडी करून ठेवायला लागले.

"मामंजी, थांबा!" शालन मावशीच्या माळ्यावरून पोतं खाली घेऊन आली. धापा टाकत तिनं ते उंबऱ्यात ठेवलं, तोंड सोडलं. "हे बघा. तुमचाच जुंधळा. पाचवं पोतं. मी काढून ठिवलं होतं. दाणा चावून बघा, कट् वाजतो. टिकला की नाही? तुमीच म्हणाला होता, टिकला तर राहणार."

आबांनी मूठभर दाणे घेतले. नाकाशी नेले. आणि असे काही मागं सरकले, की जणू पोत्यात नाग बसलाय.

मावशीच्या माळ्यावर, त्याच धुराला, पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील आणि सुकट टांगलेली होती. शालनच्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. माळकरी सासरा, गळ्यात तुळशीमाळ, आणि जुंधळ्याला बोंबलांचा वास!

"ह्यो जुंधळा न्हवं. म्हावरं हाय," आबा म्हणाले. मग थांबले. "मंग मी दोन महिने खातुया, त्यो कुनाचा?"

खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. "बाजारचा."

आबांनी मुठीतले दाणे पोत्यात परत टाकले. मग ट्रंकेचं झाकण लावलं. "जुंधळं टिकलं न्हाई. ठरलं त्ये ठरलं. उद्या हितला खड्डा बुजवतो आन् जातो. उघडा खड्डा ठिवून मानसानं जाऊ न्हाई."

"अवो, बोला की काहीतरी!" शालन नवऱ्यावर ओरडली.

"काय बोलू? शब्द दिलाय," धनाजी म्हणाला.

शब्द दिलाय! ती रात्र शालन त्या दोघांच्या नावानं भांडी आपटत राहिली.

सकाळी पाऊस उघडला होता. आबा फावडं घेऊन मागं गेले. शालन चुलीशी बसून माती पडण्याचा आवाज ऐकायला लागली. आवाज येईना. चहाला उकळी आली, तरी येईना. आता ह्यांना खड्डासुद्धा नीट बुजवता येत नाही का? की भोवळ येऊन पडले त्यात? ती तशीच उठली आणि मागं धावली.

आबा खड्ड्याच्या काठावर पाय आत सोडून बसले होते. फावडं बाजूला. खड्ड्यात काठाच्या हातभर खाली पाणी होतं. काल धनाजीनं तळ दिसेतो उपसलेला खड्डा तो. पाणी निवळशंख, तळाची माती दिसावी असं.

"धनाजीनं काल समदं काढलं व्हतं ना?" आबांनी वर न बघता विचारलं.

"व्हय."

"रातच्याला पाऊस बी न्हवता. मंग हे कुठनं आलं?"

"झरा हाय," पडवीतून मावशी म्हणाली. "मी बोललेली तुमाला. आयकता कुठं?"

आबांनी ओंजळ भरली. तोंडाला लावली. गोड होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. चेहरा आधी कसाबसा आवरलेला होता, मग तो त्यांच्या हातात राहिला नाही. म्हातारा माणूस रडतो, तेव्हा बघणाऱ्यालाच लाज वाटते. शालन खाली मान घालून उभी राहिली.

"एक परस," आबा म्हणाले. "शालन, एकाच परसात लागलं गं. जुंधळ्याला कोरडी जागा पायजे म्हनून खनलं, तर लागलं. तितं सात परस... तिच्या हाताला दोर कापायचा. फडकं बांधून वढायची. म्हनायची, आज ओल लागल्यासारखी वाटतीया. रोज म्हनायची." त्यांनी नाक पुसलं आणि एकदम पूर्वेकडं बघून, जिथं डोंगरामागं डोंगर आणि त्यामागं त्यांचा मुलूख होता, तिकडं हात करून एक अस्सल माणदेशी शिवी हासडली. माळकरी माणसाच्या तोंडून ती ऐकून मावशीचं मिसरीचं बोट जागच्या जागी थांबलं.

"मामंजी, एस्टी चुकंल," शालन म्हणाली. का म्हणाली, देव जाणे. रागच इतका साठला होता.

"कसली एस्टी?" आबांनी तिच्याकडं असं पाहिलं, की जणू तीच खुळी. "पानी लागलेली हीर टाकून मानूस गाव सोडतो व्हय? दोर आन."

"चैतात मचूळ होल हां ते पानी," मावशीनं पडवीतून बजावलं. "खाडी हाय जवल."

"चैताचं चैतात बघू. शालन, दोर आन म्हनतुया ना!"

म्हणजे दोन महिने बाजारचा जुंधळा चोरून भरला, माळ्यावर पोतं चढवलं, उतरवलं, अख्खा आषाढ जिवाला घोर लावून घेतला, त्याचं कुणाला काही नाही! पोत्याचं नावसुद्धा नाही! शालन तणतणत घरात गेली. उंबऱ्यातल्या त्या बोंबलाच्या पोत्याची तिला ठेच लागली, तेव्हा तिनं त्याला एक लाथही घातली. कपडे वाळत घालायचा दोर सोडला, बादलीला बांधला आणि आणून सासऱ्याच्या हातात दिला.

आबांनी बादली सोडली. दोर इतका थोडा लागला की त्यांना परत हसू आलं. भरलेली बादली वर काढली, काठावर टेकवली, आणि दोर सोडून तिच्याकडं सरकवली.

"घे रंगू," ते म्हणाले. "घरात न्हे."

शालननं त्यांची चूक काढली नाही. पदर खोचला, बादली उचलली आणि पाणी न सांडता घरात नेली.